सरांच्या पाटीवरची तार

आमचे हे, नामदेवराव, विमानं दुरुस्त करायचे. विमान उडवणाऱ्याचं नाव सगळे विचारतात, दुरुस्त करणाऱ्याचं कोणी विचारत नाही, असं मी एकदा म्हटलं होतं. तर हसून म्हणाले, "विचारतात की. पडल्यावर."

निवृत्त झाल्यावर तारनाक्याच्या घरात ते अगदी रमून गेले होते. सकाळी विद्यापीठाच्या बाजूला फेरी, मग पेपर, मग कुणाचा तरी बिघडलेला मिक्सर. अशात एके दिवशी गौतम पेढे घेऊन आला. हा गौतम कधीकाळी यांच्या हाताखाली शिकलेला. आता शमशाबादच्या विमानतळाच्या पुढे त्यानं स्वतःची संस्था काढली होती. विमानांची देखभाल करणारे इंजिनिअर तयार करायची.

"काका, कंपन्यांनी ढिगानं विमानं मागवून ठेवलीत," तो म्हणाला, "आणि हात लावायला माणसं नाहीत. दिलसुखनगरला क्लासेसच्या गल्लीत जाऊन बघा, प्रत्येक खांबावर आमच्या कोर्सची पाटी आहे. पोरं शिकायला तयार आहेत, पण शिकवायला कोण? ज्याच्याकडे लायसन्स आहे तो दुबईला जाऊन बसलाय."

"मग उरलासुरला म्हातारा पकडायला आलास?"

"तुमच्यासारखा माणूस असला तरच वर्गाची सरकारी मंजुरी टिकते, काका. खोटं कशाला बोलू?"

हे पेढा खाऊन हो म्हणाले.

मला बरंच वाटलं. माणूस दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसायला लागला. संध्याकाळी घरी आले की वर्गातल्या गोष्टी. कुणी पाना उलटा धरला, कुणाला तेलाच्या वासानं चक्कर आली. पहिल्या दिवशी पोरांना यांनी एकच गोष्ट शिकवली म्हणे. "चूक झाली तर ओरडून सांगा. दुसऱ्याची दिसली तर त्याहून मोठ्यानं ओरडा. आणि माझी दिसली तर छप्पर उडालं पाहिजे."

दुसरी गोष्ट तारेची. इंजिनाच्या बोल्टना डोक्यात बारीक भोकं असतात. त्यांतून तार ओवून, पीळ देऊन, एक बोल्ट दुसऱ्याला बांधून ठेवायचा. विमानाच्या थरथरीनं बोल्ट ढिला व्हायला लागला, की तारेनं त्याला आवळायच्या बाजूला ओढून धरलं पाहिजे. तार उलट बाजूनं बांधली, तर तीच बोल्टला सैल होऊ देते. दिसायला दोन्ही सारख्याच सुंदर. या एका कामावर यांचा फार जीव. प्रत्येक पोराला एकेक लोखंडी पाटी दिलेली, तिच्यावर बोल्ट बसवलेले आणि रंगानं पोराचं नाव लिहिलेलं. यांची स्वतःची पाटी सगळ्यांच्या पुढे, भिंतीवर. तिच्याकडे बघून बाकीच्यांनी बांधायचं.

पोरं घरीही यायची. त्यांत त्रिवेणी सारखी यायची. काचीगुड्याची मुलगी. घराणं आमच्यासारखंच, उदगीरकडून आलेलं शेतकऱ्याचं. आता वडिलांचं स्टेशनजवळ मालवाहतुकीचं छोटं ऑफिस. तिला मराठी वाचता येत नव्हतं, बोलणं मात्र तोंड भरून. "काकू, तुमच्या हातची धपाटी खाल्ली की मला पेपर सोपा जातो. हौ, खरंच बोलतेय!"

यांचा विसर कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येत नाही. एकदा कुकर लागेना. शिट्टीच सापडत नव्हती. संध्याकाळी यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. दिवसभर ती संस्थेत फिरून आली होती. आम्ही दोघंही हसलो. पुढे एका रविवारी पायजम्यावर गळ्यात ओळखपत्र घालून दारात उभे राहिले, आणि मी रविवार आहे म्हटल्यावर रागावले. मग मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहून फोन केला, "भामा, आपलं घर पुलाच्या अलीकडे की गं, पलीकडे?" त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मी गौतमला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, वय आहे. थोडं मलाही जाणवलंय. पण ही बॅच दसऱ्यानंतर एका कंपनीच्या हँगरमध्ये जातेय, खऱ्या विमानांवर. तेवढी निघू द्या. काकांच्या जागी मी माणूस कुठून आणू? सगळ्या पोरांचं वर्ष जाईल हो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी फोन ठेवला.

चातुर्मास चालू होता. चातुर्मासात मी सकाळी पूजा पुरी होईपर्यंत बोलत नाही. लग्नानंतर सासूबाईंनी लावून दिलेला नेम आहे. यांना तो पाठ आहे, दूधवाल्यालाही पाठ आहे. त्या सकाळी हे आंघोळीला गेले होते आणि मी देवासमोर वाती भिजवत होते, तेवढ्यात दार लोटून त्रिवेणी आली. डोळे सुजलेले.

"सर हैत का, काकू?"

मी न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

"हौ, तुमचं मौन. बरंच झालं. तुम्ही नक्को बोलू. मी बोलते. तुम्ही बोललात तर माझ्याच्यानं होणार नाही." ती माझ्याजवळ खाली बसली आणि आवाज एकदम बारीक केला. "परवा सरांनी आपल्या पाटीवरची जुनी तार काढली. आम्हाला दाखवायला नवी बांधली. उलट बांधली, काकू."

माझा हात वातीवर थांबला.

"आमच्या सगळ्यांच्या बरोबर होत्या. विक्रमनं हळूच विचारलं, सर, ही बाजू का? तर पोरांनी त्यालाच चूप केलं. सर उमरभर हेच करत आले, तुला जास्त समजतं का, म्हणून. मग काय केलं आम्ही, ठाऊक आहे? आपापल्या तारा कापल्या. आणि सरांसारख्या बांधल्या. सगळ्यांनी." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी पण. मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत होतं, काकू. तरी कापली. सर एकेकाची पाटी बघत आले आणि शाब्बास म्हणाले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दसऱ्यानंतर आम्ही खऱ्या इंजिनाला हात लावणार. तिथे कोणी ना कोणी तपासेल म्हणा. पण तपासणारा पण सरांचाच विद्यार्थी निघाला तर?"

मी न्हाणीघराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला कळलं.

"मी? मी सरांना सांगू? नक्को काकू, पाया पडते. तुम्ही सांगा ना, मागून, सावकाश."

तेवढ्यात हे आलेच. खांद्यावर पंचा, केसांतून पाणी. "अरे वा! सकाळी सकाळी त्रिवेणीबाई? आमच्या घरी या वेळेला देव बोलतो, बायको बोलत नाही."

"प्रसादाला आले, सर."

"मग बस की. देवाची बॅच अजून निघायचीय."

ती हसल्यासारखं करून उठलीच. "जाते, सर. उशीर होईल." चपला घालायला दाराशी गेली. मला दिसत होतं की ही आज उंबऱ्याबाहेर गेली, तर परत या गोष्टीसाठी येणार नाही. वर्गात तर मुळीच तोंड उघडणार नाही. आणि मी मागून सांगितलं असतं, तर यांनी ऐकलं असतं आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेले असते.

निरांजन अजून लागायचं होतं. मी म्हटलं, "त्रिवेणी, थांब. अहो, तिला तुम्हाला काही सांगायचंय."

यांचा केस पुसणारा हात तसाच वर राहिला. आमच्या संसारात माझं मौन मोडलेलं यांनी कधी पाहिलं नव्हतं. यांची आई गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा मी कागदावर लिहून दाखवलं होतं.

ते खुर्चीवर बसले. "बोल, बाई. ही बोलली म्हणजे नक्कीच काहीतरी पडलंय."

त्रिवेणीनं सांगितलं. रडत, अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं उर्दूत.

"माझी तार? उलट?"

"हौ, सर."

ते उठले. पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. तिच्यात सरावाची एक जुनी लोखंडी पाटी होती आणि तारेचं रीळ. ते सगळं त्यांनी टेबलावर मांडलं. "या दोन बोल्टना तू बांध. त्या दोन मी बांधतो."

ती बांधायला लागली, दोनदा तार काढून परत ओवली. यांनी नाही. यांच्या बोटांत तार फिरत होती, जुन्या दिवसांत मी स्वयंपाक सोडून बघत बसायची, तशीच. एकसारखा पीळ, कुठे गाठ नाही, कुठे सैल नाही. बांधून झाल्यावर त्यांनी पाटी खिडकीशी नेली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाटी तिरकी करून पाहिली. बाहेर भाजीवाल्याची गाडी कर्ण्यावरून ओरडत गेली, परत आली.

मला त्या तारांतलं काही कळत नाही. मी यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मला तर दोन्ही बरोबर दिसतात," हे म्हणाले.

त्रिवेणीनं तोंडावर हात घेतला.

"रडू नकोस. सांग. कुठली चूक?"

"तुमची, सर."

"नक्की?"

"नक्की."

"मोठ्यानं."

"नक्की, सर! तुमची उलट आहे!" ती जवळजवळ किंचाळलीच.

त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला. दोन्ही तारांवरून, हळूहळू. "मला अजून दिसत नाही गं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. पाणी गार आहे, असं म्हणावं तसा. "पण दोघांत एकाला शंका आली, की विमान उडत नाही. हे मीच शिकवलं ना तुम्हाला?"

"हौ, सर."

"मग झालं तर." पक्कड पेटीत ठेवली, पेटी बंद केली. "भामा, माझा शर्ट दे. आणि तू तुझी पूजा आटप. देव खोळंबलाय."

त्या दिवशी वर्गात काय झालं ते त्रिवेणीनं मला नंतर सांगितलं. हे फळ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, सगळ्या तारा कापा. परवा मी चुकीचं शिकवलं. तुम्हाला दिसलं आणि तुम्ही बोलला नाहीत. मी शिकवलेली पहिली गोष्ट तुम्ही विसरलात, बाकीच्या मी विसरायला लागलोय. फिट्टंफाट." कुणीतरी हसलं म्हणे, आणि मग त्यालाच रडू आलं. तिथून हे गौतमच्या खोलीत गेले, गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि त्रिवेणीच्या सोबतीनं घरी आले.

रात्री गौतमचा फोन. "काकू, थोडेच दिवस राहिले होते. मी बाजूला बसून तपासलं असतं सगळं. आता मंजुरी जाणार. कुणाचं भलं झालं यात?"

दुसरा माणूस त्याला मिळालाच नाही. मंजुरी गेली, वर्ग फुटला. ज्यांना जमलं ती पोरं दुसऱ्या शहरांत गेली. विक्रम मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसायला लागला. त्रिवेणीला बंगळुरूला जागा मिळाली, पण पहिल्यापासून सुरुवात. तिचे वडील म्हणत होते, पहिल्यापासूनच करायचं तर लग्नच का नको. ती भांडून निघाली होती.

आणि इकडे घरात रोजची सकाळ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विसराचं नाव सांगितलं. ते नाव मीच मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. हे आंघोळ करून, शर्ट खोचून, पायात बूट घालून दारात उभे राहायचे.

"भामा, डबा?"

"आज वर्ग नाही."

"का?"

मग मला सांगावं लागायचं. तार उलट बांधली, म्हणून. ऐकताना त्यांचा चेहरा रोज नव्यानं उतरायचा. कालचं काहीच शिल्लक नसायचं, त्यामुळे रोजचा घाव पहिलाच.

"माझी? उलट?" मग, "कोणी पकडली?"

"त्रिवेणीनं."

"शाब्बास." हे मात्र रोज मनापासून म्हणायचे. आणि लगेच, "सगळ्यांच्या तारा कापल्या का?"

"कापल्या."

"तू पाहिलंस?"

"त्रिवेणीनं सांगितलं."

"न पाहता हो म्हणायचं नाही, भामा. पोरं उद्या विमानाला हात लावतील. सरक, मला जाऊन बघू दे." आणि दाराची कडी काढायला लागायचे. समजूत घालता घालता दुपार व्हायची. जेवण तसंच राहायचं.

शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "अहो, पाहिलं म्हणून सांगून टाका ना. त्यांच्या कुठे लक्षात राहणार आहे?" दुसऱ्या दिवशी मी तसं म्हणायला तोंड उघडलंही. यांनी इतक्या विश्वासानं माझ्याकडे पाहिलं, की माझ्याच्यानं झालं नाही.

म्हणून त्रिवेणी बंगळुरूला निघायच्या आधी मी तिला म्हटलं, मला एकदा तुमच्या संस्थेच्या शेडमध्ये घेऊन चल. शोभाताईंना यांच्यापाशी बसवलं. मेट्रो, मग बस, मग उन्हातून चालत. शहर संपून नुसते दगड आणि नव्या इमारतींचे सांगाडे. डोक्यावरून विमानं उतरत होती. त्रिवेणी एकेकाचं नाव सांगत होती, मी हूं म्हणत होते.

पहारेकऱ्यानं कुलूप काढलं. आत धुळीचा आणि तेलाचा वास. पंख कापलेलं एक जुनं विमान मधोमध उभं, पाखरासारखं नव्हे, बसच्या डब्यासारखं. भिंतीला पोरांच्या पाट्या. त्रिवेणी मला एकेक पाटी दाखवत गेली. बोटानं बोल्ट सैल करायच्या बाजूला ढकलून दाखवायची, तार ताणून धरते कशी ते. "ही विक्रमची. कापून परत बांधली. बघा, बरोबर. ही माझी. बरोबर." मी प्रत्येकीला हात लावला. न पाहता सोडली असं एकीचंही होऊ नये म्हणून.

शेवटी पुढच्या भिंतीपाशी आलो. ती पाटी मी लांबूनच ओळखली. तो पीळ दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

"ही?"

त्रिवेणी खाली बघायला लागली. "सरांची कोणी कापली नाही, काकू."

"अगं, पण सर स्वतः सांगून गेले ना, सगळ्या कापा म्हणून?"

"गौतम सर पण बोलले. विक्रम पक्कड घेऊन गेला पण होता जवळ. परत आला. सरांच्या हातची आहे, काकू. कोण कापणार?"

"तू?"

तिनं मान हलवली.

मी हात पुढे केला. तिला आधी कळलंच नाही, मग तिनं पिशवीतून तार कापायची पक्कड काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. मी तारेवर बोट ठेवून पाहिलं. गार, आणि वेणीसारखी सारखी. उलट होती म्हणे. मला तर तिच्यात काहीच उलट दिसेना, यांनाही दिसलं नव्हतं.

एका हातानं कापेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा टक् असा आवाज झाला.

"थांबा, थांबा काकू, तुकडे खाली पडू द्यायचे नाहीत." त्रिवेणीनं पटकन माझ्या हातांखाली ओंजळ धरली, तीर्थाला धरतात तशी. मी कापत गेले आणि तिच्या ओंजळीत तारेचे तुकडे पडत गेले. ती रडत होती, पण ओंजळ हलू दिली नाही. पाटी मोकळी झाली. नुसती बोल्टची डोकी आणि त्यांतली भोकं.

घरी पोहोचले तेव्हा दिवे लागले होते. "कुठे गेली होतीस इतका वेळ?" यांनी विचारलं.

"तारा बघायला."

"कसल्या तारा?"

मी म्हटलं, काही नाही, आणि चहा टाकला.

सकाळी बूट घालून दारात आले. डबा मागितला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चेहरा उतरला. कोणी पकडली, विचारलं. शाब्बास म्हणाले. "सगळ्यांच्या कापल्या का?"

"कापल्या."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. एकेकीला हात लावून."

"माझी?"

"तुमचीही. मी कापली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ आले, माझा उजवा हात धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि एकेक बोट उलटसुलट करून तपासलं.

"तार लागते हाताला. नवख्या माणसाला हमखास लागते," ते म्हणाले. "लागली नाही ना कुठे?"

"नाही."

"बरं." त्यांनी हात सोडला. खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक सुटेना, म्हणून मी खाली बसले. उद्या हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं.